दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली सेकंडहँड एसयूव्ही घेताय? मग मीटर सोडून हे सगळं बघा

सेकंडहँड स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, एक्सयूव्ही ५०० असलं काही बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती चाललीय? समोरचा म्हणाला एक ऐंशी, म्हणजे एक लाख ऐंशी हजार, की बरेच जण चहा पिऊन परत येतात. आणि मग तेच लोक दुसरीकडे ७५ हजार दाखवणारी गाडी लाखभर जास्त मोजून घेतात, आणि त्या ७५ हजाराला पुरावा काय, तर मीटर. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण मोठी डिझेल एसयूव्ही नीट सांभाळली तर दोन लाखाच्या पुढे आरामात जाते, फक्त ती कशी चालली आणि कोणी सांभाळली हे आपल्याला शोधता आलं पाहिजे.

एक साधा हिशोब करून बघा. एक गाडी पुणे-नाशिक, पुणे-कोल्हापूर अशी हायवेला पळालीय, सरासरी ताशी ६० धरा, १ लाख ८० हजार किमी म्हणजे इंजिन चाललं साधारण ३००० तास. दुसरी मुंबईत अंधेरी ते बीकेसी रोज ट्रॅफिकमधे रांगली, सरासरी १५ धरा, ७० हजार किमी म्हणजे साडेचार हजार तासांच्या वर. त्यात हिच्या क्लचवर हजारो वेळा पाय पडलाय, टर्बोला (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) कधी मोकळा श्वास मिळाला नाही, ईजीआरमधे (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी साचलीय. कागदावर मात्र हीच "कमी चाललेली". म्हणून पहिला प्रश्न किती हा नाही, कुठे आणि कशी चालली हा विचारा, आणि मालक काय सांगतो ते गाडीशी जुळतंय का ते बघा.

मी पुढे बऱ्याच ठिकाणी स्कॉर्पिओच्या २.२ लिटरच्या एमहॉक डिझेल इंजिनचं उदाहरण घेतलंय, त्यातही २०१४ च्या सप्टेंबरमधे आलेल्या नव्या चेहऱ्याच्या गाडीचं, कारण आपल्याकडे बाजारात सगळ्यात जास्त हीच फिरते आणि गावोगावच्या मिस्त्रीला ही पाठ आहे. बाकी एसयूव्हींनाही बहुतेक सगळं लागू पडतं.

जायच्या आधी घरबसल्या

गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. कितवा मालक, रजिस्ट्रेशनची तारीख, इन्शुरन्स कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, गाडी प्रायव्हेट की टूरिस्ट परमिटची होती, हे बरंचसं तिथेच कळतं. ई-चलानच्या साइटवर पेंडिंग दंड बघा, पण नुसती रक्कम बघू नका, ठिकाणं आणि तारखा वाचा. "गाडी घरचीच, फक्त रविवारी काढतो" म्हणणाऱ्याच्या गाडीवर आठवड्याच्या मधल्या वारी चार जिल्ह्यांतली ओव्हरस्पीडची चलानं दिसली तर बोलायला विषय मिळतो.

इन्शुरन्सची पॉलिसी मागवा आणि नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते बघा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि एकाच मालकाच्या जुन्या गाडीवर शून्य दिसला तर गेल्या वर्षी काहीतरी घडलंय, काय ते सरळ विचारा.

सर्व्हिस हिस्ट्री हा सगळ्यात मोठा पुरावा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला प्रत्येक वेळी गाडीचं मीटर लिहितात, त्यामुळे २०१८ ला ९६ हजार नोंद असेल आणि आज मीटर ८८ हजार दाखवत असेल तर विषय संपला. बाहेरच्या माणसाला ते रेकॉर्ड देतीलच असं नाही, म्हणून मालकालाच फोन लावायला सांगा किंवा त्याच्या मोबाइलवर आलेले जुने सर्व्हिसचे मेसेज, बिलं दाखवायला सांगा. गॅरेजवाल्याकडे सर्व्हिसिंग केलं असलं तरी हरकत नाही, चांगला मालक तिथलीही बिलं एका फाइलीत ठेवतो आणि अशी फाइल असलेली दोन लाख किमी चाललेली गाडी मी बिनफाइलीच्या ८० हजार किमीच्या गाडीआधी घेईन, डोळे झाकून नाही पण आधी घेईन.

दिल्ली पासिंगच्या गाडीबद्दल वेगळं सांगतो. दिल्ली-एनसीआरमधे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मधे एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवाद) आदेशाने बंदी आली, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या चांगल्या दिसणाऱ्या एसयूव्ही तिकडून स्वस्तात निघायला लागल्या आणि एजंटमार्फत आपल्याकडे आल्या. गाडी वाईटच असते असं नाही, पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथे पुन्हा रोड टॅक्स, नवीन नंबर, एवढं सगळं धरून मग किंमत बघा, बरेचदा स्वस्तपणा तिथेच संपतो.

फोनवर एक गोष्ट बजावून सांगा

"मी सकाळी येतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका आणि इंजिन धुऊ नका." एवढं एक वाक्य. थंड इंजिन सगळं खरं बोलतं, गरम इंजिन बरंच लपवतं. पोचल्यावर पहिलं काम बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावायचा. कोमट लागला तर चालू करून ठेवलीय, कारण विचारा आणि पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी या. एका मित्राबरोबर साताऱ्याकडे गाडी बघायला गेलो होतो तर सकाळी आठला इंजिन गरम, आणि मालक म्हणे आत्ताच दूध आणायला गेलो होतो. आम्ही थांबलो, मिसळ खाऊन गावात फिरून दुपारी उशिरा परत आलो, तेव्हा तीच गाडी चालू व्हायला बराच वेळ स्टार्टर मारावा लागला आणि मागे निळसर धूर. तिथून निघालो.

इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा (गरम असताना चुकूनही नाही, भाजतं). कूलंट स्वच्छ रंगीत हवं. गढूळ लाल पाणी असेल तर कोणीतरी वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी टाकलंय, आतून गंज धरलाय. वर तेलाचा तवंग असेल तर पुढे बघायचीही गरज नाही. डिपस्टिक काढा, डिझेलचं ऑइल काळंच असतं त्याने घाबरू नका, लेव्हल बघा आणि दोन बोटांत चोळून बघा, कचकच लागली किंवा डांबरासारखं घट्ट असेल तर ऑइल वेळेवर बदललं जात नाही. झाकणाच्या आत पिवळट दुधाळ थर असेल तर ऑइलमधे पाणी जातंय. पावसाळ्यात फार कमी अंतर चालणाऱ्या गाडीत पातळ थर नुसत्या दमटपणानेही येतो, म्हणून कूलंटशी ताडून बघा.

चाबी फिरवताना

आधी फक्त इग्निशन ऑन करा, स्टार्ट नको. चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस, ऑइल, सगळे दिवे एकदा लागले पाहिजेत आणि मग एकेक विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही त्याच्याबद्दल जास्त काळजी करा, कारण खर्चिक फॉल्ट लपवायचा सोपा मार्ग म्हणजे तो दिवाच बंद करणं. एअरबॅगचा दिवा लागला नाही तर अपघातात उघडलेल्या एअरबॅग परत बसवल्याच नाहीत असंही असू शकतं.

मग स्टार्ट करा आणि एकाला मागे सायलेन्सरकडे उभं करा. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर येऊन जातो, ठीक आहे. गाडी गरम झाल्यावरही पांढरा ढग येत राहिला तर कूलंट आत जळत असण्याची शक्यता आहे. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो. काळा म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाहीये, तो एअर फिल्टर, ईजीआर, फुटलेला इंटरकूलर पाइप इतक्या स्वस्त गोष्टींपासून इंजेक्टरपर्यंत कशानेही येतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी खडखडल्यासारखा आवाज ऐकू येतो का तिकडे कान द्या. एमहॉकला टायमिंग चेन आहे, ती ठरावीक किलोमीटरला बदलायची नसते पण ऑइल वेळेवर नसेल तर चेन आणि टेन्शनर सैल होतात. डस्टरचं दीड लिटरचं डिझेल, जुनी इनोव्हा, पहिली तीन लिटरची फॉर्च्युनर यांना मात्र बेल्ट आहे, आणि दीड लाखावरच्या अशा गाडीत बेल्ट बदलल्याचं बिल दिसलं नाही तर बदललेलाच नाही असं धरूनच किंमत बोला, कारण तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिन उघडावं लागतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी टेस्ट. इंजिन चांगलं गरम झालं, आयडलवर आहे, तेव्हा ऑइल भरायचं झाकण फिरवून मोकळं करा आणि तिथेच तोंडावर नुसतं ठेवा. निरोगी डिझेलचं झाकण थोडं थरथरतं, कधी तर आत ओढल्यासारखं चिकटून राहतं. झिजलेल्या इंजिनचं झाकण टुणटुण उड्या मारतं, बाजूला पडतं आणि तोंडातून भकाभका धूर येतो. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, वरचा दाब खाली झिरपतोय आणि इंजिनकाम जवळ आलंय. किंचित वाफ आली तर दोन लाखाच्या गाडीला ती मी माफ करतो, पण झाकण उडत असेल तर मालकाने कितीही कमी केले तरी घेऊ नका.

जमलं तर ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट मोबाइलवर दाखवणारं यंत्र) बरोबर ठेवा, हजार-दोन हजारात मिळतो. नुसते एरर कोड बघू नका, बऱ्याच गाड्यांत "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हाही आकडा येतो, आणि तो पाच किंवा दहा किमी दिसला तर तुम्ही येणार म्हणून काल रात्री कोड पुसलेत.

मीटर खरं का खोटं

गाडीत बसा आणि जिथे माणसाचं अंग लागतं त्या जागा बघा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर, स्टीअरिंगची दहा-दोनची जागा, गिअर नॉब, ड्रायव्हर सीटची दरवाजाकडची कड. ६० हजाराच्या गाडीत पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. आणि तेवढ्याच चाललेल्या गाडीत सगळी रबरं एकदम करकरीत नवी असतील तर तेही खटकलं पाहिजे. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१६ ची गाडी ५५ हजार चाललेली सांगतायत आणि टायर २०२३ चे, म्हणजे मूळचे टायर कधी गेले, एक सेट गेला का दोन, विचारा. स्टेपनीचा कोड पण बघा. काचांवरही बनल्याचं वर्ष खुणेने असतं, सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच दुसऱ्या वर्षाची असेल तर त्या बाजूला काय झालं ते शोधा.

चासी, अपघात आणि पुराचं पाणी

इंजिन बांधता येतं, वाकलेली चासी पुन्हा सरळ होत नाही, निदान पहिल्यासारखी तर नाहीच. स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर या चासीवाल्या गाड्या, त्यामुळे खाली झोपून दोन्ही बाजूचे लांब रेल पुढून मागे टॉर्चने बघा. वेल्डिंगचे जाड फुगे, एकाच भागावर ताजा काळा रंग, चुण्या पडलेला पत्रा दिसला तर उठा. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर अंकन् अंक जुळवा, इंजिन नंबरही. दरवाजाचं रबर बीडिंग हाताने ओढून काढा, आत कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड समान अंतरावर दिसतात, तिथे लांबी (पुट्टी) भरलेली किंवा रंगाचे ओघळ असतील तर पिलरपर्यंत काम झालंय. बंपर किंवा फेंडर रंगवलेला असणं मात्र आपल्या रस्त्यांवर नॉर्मल आहे, त्यावरून गाडी सोडू नका.

कोकण, मुंबई, गोव्याची गाडी असेल तर गंज हा वेगळा विषय. दरवाजाची खालची कड, मागच्या चाकावरची आतली बाजू, ब्रेकचे लोखंडी पाइप, चासीवर मागचं सस्पेन्शन बसतं ती जागा, इथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरवर तांबूस असणं चालेल, पापुद्रे निघत असतील तर नको.

पुराची गाडी ओळखणं शिकून घ्या. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ ला चिपळूण, महाड, किती गाड्या पाण्यात गेल्या, आणि त्यातल्या काही साफ करून पुन्हा बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, अगदी थांबेपर्यंत. जो भाग नेहमी आत गुंडाळलेला असतो तो धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही, तिथे मातकट रेघ किंवा डाग दिसतो. सीटखाली हात घालून रेलचे बोल्ट बघा, कार्पेटची कड उचला, डॅशबोर्डखाली वायरिंगच्या कनेक्टरमधे वाळलेला बारीक चिखल किंवा हिरवट गंज आहे का बघा. आणि खूप स्ट्राँग एअर फ्रेशनर मारलेली गाडी काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात ठेवा, मग आत बसा, कुबट वास असेल तर येतोच.

आणि मागे टो हुक लावलेला आहे का बघा, चासीला जास्तीची भोकं पाडलीत का, सायरन-हॉर्नच्या कापलेल्या वायरी आहेत का. स्कॉर्पिओ आपल्याकडे ताफ्यातही पळते आणि शेतात ट्रॉलीही ओढते. दोन्ही कामं वाईट नाहीत पण क्लच, डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) आणि वायरिंगला त्याची झळ लागते.

ड्राइव्ह सोसायटीभोवती नको, घाटात न्या

पंधरा मिनिटांच्या चकरेत काहीच कळत नाही. निदान पाऊण तास हवा आणि त्यात चढ हवा. पुण्यात असाल तर जुना कात्रज किंवा दिवे घाट, नाशिककडून कसारा, साताऱ्याकडून खंबाटकी, काहीही. एसी फुल, गाडीत तीन-चार माणसं, आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष. काटा मधे गेला आणि तिथेच राहिला तर छान. चढावर वर सरकत गेला तर रेडिएटर, फॅन, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) यातलं काहीतरी आहे, आणि विकणाऱ्याला नेमकं तेच तुम्हाला कळू द्यायचं नसतं.

टर्बोची ओढ साधारण १८०० आरपीएमच्या आसपास स्पष्ट जाणवायला हवी. ओढ उशिरा आली, सायरनसारखी शिट्टी वाढत गेली किंवा मागे धुराचा लोट आला तर टर्बो आणि इंटरकूलरचे पाइप तपासायचे. पाइपात ऑइलचा पातळ थर असतोच, ऑइल साचलेलं नको. तिसऱ्या-चौथ्या गिअरमधे कमी स्पीडवर एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा, आरपीएम पळाले आणि गाडी मागे राहिली तर क्लच गेलाय. उतारावर दुसऱ्या गिअरमधे पाय सोडून द्या, गिअर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. निघताना आणि थांबताना खालून "खट्ट" आवाज म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा डिफरन्शियलमधला प्ले, आणि ६०-७० ला मागून एकसुरी घूं आवाज म्हणजे डिफरन्शियल किंवा व्हील बेअरिंग. क्रॉस स्वस्तात होतो, डिफरन्शियल नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर स्टीअरिंगवरची पकड सैल करा, मग जोरात ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. फोर बाय फोर असेल तर मातीत नेऊन फोर हाय, फोर लो दोन्ही लावून दाखवायला सांगा, "चालतं हो, कधी लागतच नाही" हे उत्तर घेऊ नका.

परत आल्यावर गाडी आयडलवर ठेवून खाली बघा, आता गरम इंजिनची गळती दिसेल. मग रॅम्पवर न्यायचं, तुमच्या मिस्त्रीकडे, मालकाच्या ओळखीच्याकडे नाही. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, शॉकअप हे दोन लाखाच्या गाडीत जाणारच, त्याला घाबरायचं कारण नाही, यादी करा आणि किमतीतून वजा करा. इंजेक्टरची लीक-बॅक टेस्ट (प्रत्येकातून किती डिझेल परत मागे जातं ते मोजणं) करून घ्या, चारही गेले तर खर्च मोठा असतो. २०२० नंतरची बीएस ६ डिझेल असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी धरणारा फिल्टर) कधी चोकअप झालाय का, सर्व्हिस सेंटरला किती वेळा साफ करायला नेला ते विचारा, आणि कोणी तो काढून टाकला असेल तर ती गाडी घेऊ नका.

पैसे आणि कागद

किमतीत आकडा पक्का करताना पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा, ते लगेच लागणारेत. विसार द्याल तो छोटा द्या आणि कशाबद्दल दिलाय ते लिहून घ्या. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नको. ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० भरून एकाच राज्यात १४ दिवसांत विक्रेत्याने आणि ३० दिवसांत घेणाऱ्याने आरटीओला कळवायचं असतं, इन्शुरन्सही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, आणि लक्षात ठेवा, नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. जुन्या नंबरची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट लागलीय का तेही बघा.

गाडी घरी आली की मालक कितीही म्हणो "परवाच सर्व्हिसिंग केलंय", इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शियल ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, तिन्ही फिल्टर आणि बाहेरचा फॅन बेल्ट सगळं एकदम बदला, म्हणजे इथून पुढचा हिशोब तुमचा. पहिले हजार किलोमीटर दर रविवारी सकाळी थंड गाडीत डिपस्टिक आणि कूलंटची लेव्हल बघून मोबाइलमधे फोटो काढत जा. कूलंट कमी होतंय आणि खाली जमिनीवर थेंब कुठेच दिसत नाही असं झालं तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलर तपासायला न्या.